पलंगावरचा व्याही

कुणाच्याही घरात शिरलो की माझी नजर आधी खाली जाते. माणसांकडे नंतर. यात नम्रपणा वगैरे काही नाही, धंद्याची खोड आहे. मी इंजिनीयर आहे, पण इमारती बांधणाऱ्यांतला नाही. बांधून झालेल्या इमारतीचं वाऱ्याने काय होईल आणि पुराच्या पाण्याने काय होईल, ते सांगणाऱ्यांतला. विमा कंपन्या बोलावतात, कारखानेवाले बोलावतात, कधी सोसायट्या बोलावतात. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचं छोटं ऑफिस आहे. तिथून निघायचं, कुठल्यातरी गच्चीवर चढायचं, पावसाळी शेडचे पत्रे कशाने आवळलेत, बोल्ट गंजलेत का ते बघायचं आणि सेक्रेटरीला सांगायचं, की बाबा रे, मोठा वारा सुटला तर हे पत्रे समोरच्या बिल्डिंगच्या बेडरूममध्ये जाऊन पडणार आहेत. सेक्रेटरी म्हणतो, "एवढी वर्षं नाही उडाले ते?" या एका वाक्यावर माझी नोकरी गेली. म्हणजे आयुष्य गेलं हो, नोकरी आहे अजून.

वाऱ्याबद्दल निदान कुणी खोटं बोलत नाही. पाण्याबद्दल सगळे बोलतात. साकीनाक्याच्या वर्कशॉपवाल्याला क्लेम हवा असतो, तो डोक्याच्या वर हात नेऊन दाखवतो, "साहेब, इथपर्यंत होतं." घाटकोपरच्या माणसाला तळमजल्याचा फ्लॅट विकायचा असतो, तो म्हणतो, "आमच्याकडे? छे! पाणी येतच नाही." म्हणून मी माणसांना विचारायचं सोडलं आणि घराला विचारायला लागलो. लोखंडी कपाटाचा तळ गंजलाय का बघायचं. दाराचं प्लायवूड खालून फुगलंय का बघायचं. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे विजेचे प्लग. ज्या घरात पाणी शिरतं त्या घरातले प्लग दर पुरानंतर थोडे थोडे वर चढतात. माणूस खोटं बोलेल, प्लग बोलत नाही.

आता एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळेल. मी एवढा पाण्याचा तज्ज्ञ, पण घरात पाणी शिरताना मी कधी बघितलंच नव्हतं. मी जायचो ते पाणी ओसरल्यावर, चिखल सुकल्यावर, पायात गमबूट घालून. आणि राहतो मुलुंडला, सातव्या मजल्यावर. पाणी चढणार नाही आणि वारा फार लागणार नाही असा हिशोब करून घेतलेला मजला. माझी बायको लोकांना सांगते, आमच्या ह्यांनी घर नाही घेतलं, हवामान घेतलं.

आम्हाला एकच मुलगी. ती अंधेरीला नोकरी करते. तिथल्याच एका मुलाशी तिचं जमलं. मुलगा हुशार, शांत, जरा लाजरा. राहायला दहिसरला. त्याचे वडील टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, आई अंगणवाडीत शिकवायची. मूळचे जालन्याकडचे, बौद्ध. आम्ही कोकणातले मराठे, माझे वडील गिरणी कामगार. मुलीने सांगितलं तेव्हा मी एका दमात "हो" म्हणालो आणि त्या "हो"चा मला फार अभिमान होता. माझ्या चुलत बहिणींनी फोन केले. "नीट विचार केलास ना रे? आपल्यात काय मुलगे नव्हते?" मी त्यांना झाडलं. म्हटलं, कुठल्या जमान्यात राहता गं तुम्ही? फोन ठेवल्यावर आरशात बघून भांग पाडला, असा मी पुढारलेला माणूस.

तर एका रविवारी आम्ही तिघं त्यांचं घर बघायला दहिसरला गेलो. नदीच्या बाजूला आत गल्लीत बैठी चाळ आहे, तिच्यात मागे-पुढे दोन खोल्या आणि वर पोटमाळा. दारात पाऊल टाकलं आणि नव्या रंगाचा वास आला. आम्ही येणार म्हणून रंग काढला होता. पडदे नवे, पलंगावरची चादर नवी, कपबशासुद्धा नव्या, एका कपाच्या बुडाला दुकानाचा कागद अजून चिकटलेला होता. मुलाच्या आईने अबोली रंगाची साडी नेसली होती. "या, या, बसा," म्हणत त्यांनी मला पलंगावर बसवलं. मी बसलो आणि माझे पाय जमिनीला टेकेनात.

बस्स. तिथून माझं डोकं फिरलं.

पलंग एवढा उंच का? कारण पायांखाली सिमेंटचे ठोकळे. फ्रिज कडप्प्याच्या ओट्यावर. कपाट लोखंडी घोडीवर. भिंतीला छातीपर्यंत टाइल्स, ज्या बाहेरच्या खोलीत कुणी लावत नाही. टीव्हीचा प्लग माझ्या डोक्याच्या उंचीवर. आणि फोटो सगळे छताला लागून. बुद्धाचा फोटो, आजी-आजोबांचा, मुलाचा पदवीचा, सगळे इतके वर, की बघायला मान मागे टाकावी लागावी. मुलाचे वडील मला काहीतरी सांगत होते, मुलगा लहानपणी कसा आजारी पडायचा वगैरे. मी "हो, हो" म्हणत होतो आणि प्लग बघत होतो. मेल्या, गप बस की! सोयरीक जुळवायला आलास ना? पण जित्याची खोड. मुलाची आई बटाटेवड्यांचा ट्रे घेऊन समोर उभी राहिली आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला.

"पाणी कुठपर्यंत येतं?"

मुलाच्या आईच्या हातातला ट्रे तसाच राहिला. मुलाचे वडील म्हणाले, "येतं कधीतरी. मोठा पाऊस आणि मोठी भरती एकदम आली, तरच. दरवर्षी नाही."

इथे शहाण्या माणसाने वडा उचलून तोंडात कोंबला असता. मी खिशातून टेप काढला. हो, रविवारी, मुलीच्या सासरी, माझ्या खिशात टेप होता. तो असतोच. मी पलंगावरून उतरलो आणि जमिनीपासून प्लगपर्यंत मोजलं. मग उंबरठा मोजला. मग खाली वाकून नव्या रंगावर नख मारलं, कारण आत ओल असली की रंग कसा सुटतो ते मला बघायचं होतं. तो सुटला. पोपडा माझ्या हातात आला. तो हातात धरून मी म्हणालो, "इथे राहायचं म्हणजे अवघड आहे हो."

माझ्या बायकोला खोकला आला. मुलगी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, ती नव्या पडद्याकडे बघत होती. मुलाच्या आईने ट्रे टीपॉयवर ठेवला, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "साहेब, आम्हाला सवय झालीये ना, लक्षातच येत नाही. तुम्ही वडा घ्या, गार होईल." तोवर मी "व्याही" होतो. तिथून पुढे त्यांच्यासाठी "साहेब" झालो.

परत येताना गाडीत, बोरिवली मागे पडली तेव्हा मुलगी म्हणाली, "पप्पा, तुम्ही माझं लग्न ठरवायला आला होतात की इन्शुरन्सचा क्लेम पास करायला?"

"अगं बाळा, मी आपलं तुझ्या काळजीने..."

"त्यांना काय वाटलं असेल माहितीये? त्यांना वाटलं, मुलीच्या बापाला आपल्या घरात मुलगी द्यायची नाहीये. तोंडावर जात काढता येत नाही, म्हणून भिंत काढली."

माझी बायको सावंतवाडीची. रागावली की ती मालवणीत जाते. "तुमका जरा गप ऱ्हवाक काय झाला होता?" एवढंच म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

मला सांगायचं होतं, की नाही, माझ्या मनात तसं काही नव्हतं. खरंच नव्हतं. पण माझ्या मनात काय होतं ते त्या बाईंना कुठून कळणार? त्यांनी बघितलं ते एवढंच, की एक माणूस आला, त्यांच्या घरचा वडा न खाता उठला आणि त्यांच्या नव्या रंगाला नख लावून गेला. विचार करकरून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या पोपड्याचं मी काय केलं तेही आठवेना. दुसऱ्या दिवशी पँटच्या खिशात सापडला.

माफी मागायला फोन केला. तिकडून मुलाच्या आईच म्हणाल्या, "अहो साहेब, त्यात काय? तुम्ही बरोबरच बोललात." आणि पुढच्या आठवड्यात मुलीकडून निरोप कळला. लग्नानंतर दोघांनी दहिसरला राहायचं नाही. मरोळला भाड्याने जागा बघायची, वरच्या मजल्यावर. हे मुलाने ठरवलं नव्हतं, मुलीनेही नाही, तिला तर तिथेच राहायचं होतं. ठरवलं ते त्याच्या आईने. "साहेबांची मुलगी पाण्यात नको," म्हणाल्या म्हणे.

माझी बायको मनातून खूश झाली. खोटं कशाला बोलू, मीही झालो. तळमजला टळला. लग्न झालं, दोघं मरोळला राहायला गेली आणि मग हळूहळू एकेक गोष्ट कानावर यायला लागली. पाणी यायची चिन्हं दिसली की तो मुलगा ऑफिसातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून घरी पळायचा. सिलिंडर, धान्याचे डबे, गाद्या, वॉशिंग मशीन सगळं तोच वर चढवायचा. शाळेत असल्यापासून. आता तो मरोळला, आणि दहिसरला दोघं साठीच्या पुढची माणसं. त्यात हिवाळ्यात त्याच्या वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरने जड उचलायचं नाही म्हणून बजावलं. माझ्या एका वाक्याने त्या घरातला उचलणारा माणूस काढून नेला होता. मुलगी हे मला बोलून दाखवायची नाही. ती फोनवर नीट बोलायची, जेवलात का विचारायची. पण आधी ती माझी टिंगल करायची, "काय हवामान खातं, आज काय?" असं म्हणायची, ते बंद झालं. मला त्या नीटपणाची भीती वाटायची. ती परत चिडवायला लागली असती तर मी काय वाट्टेल ते केलं असतं.

आणि मग संधी चालून आली. पुढच्या पावसाळ्यात एक दिवस मी दहिसरलाच होतो, चेकनाक्याजवळच्या एका नव्या टॉवरमध्ये. वरच्या मजल्यांवरच्या सरकत्या खिडक्या वाऱ्यात शिट्ट्या मारतात अशी तक्रार होती. सकाळपासून पाऊस कोसळत होता. वीसेक मजले वरून मला नदी दिसत होती, चहासारखी, काठोकाठ. दुपारी मुलीचा फोन आला. ती आणि जावई ऑफिसात होते, निघालो म्हणाले, पण रस्ते तुंबलेले.

"पप्पा, तुम्ही तिथेच आहात ना? आईंकडे जाल का? थोड्या वेळात भरती आहे. बाबांना काही उचलू देऊ नका, प्लीज. त्यांचं ऐकू नका, ते 'काही होत नाही' म्हणतात. तुम्ही उचला."

"तू काळजीच करू नकोस," मी म्हणालो. फोन ठेवला तेव्हा मला चक्क आनंद झाला होता. बाहेर लोकांची वाट लागलेली आणि मी खूश. आता दाखवतो, म्हटलं.

गल्लीत घोट्याएवढं पाणी होतं. कुणीतरी विटा टाकल्या होत्या, त्यांच्यावरून तोल सांभाळत गेलो. घरात पाणी अजून शिरलं नव्हतं, उंबरठ्याला टेकलं होतं. आत दोघांची गडबड चाललेली. मला बघितलं आणि दोघंही हातातलं काम टाकून पुढे आली.

"अहो व्याही! एवढ्या पावसात? या, या, या!"

असं म्हणत मुलाच्या वडिलांनी टॉवेल दिला. मुलाच्या आईने मला दंडाला धरून पलंगावर बसवलं, त्याच उंच पलंगावर. "साहेब, पाय वर घ्या. चहा ठेवते."

"चहा नको हो ताई, मी मदतीला आलोय. मुलीने पाठवलंय." मी बूट काढले, पँट दुमडायला लागलो.

मुलाच्या वडिलांनी माझा खांदाच दाबला. "अहो, असं कुठे असतं का? व्याह्याने आमच्या घरी येऊन गाद्या उचलायच्या? चाळीतले लोक काय म्हणतील? बसा तुम्ही निवांत." आमच्याकडेही हेच आहे म्हणा. मुलीच्या सासरचं माणूस आलं की माझी बायको त्याला पाण्याचा पेलासुद्धा उचलून ठेवू देत नाही. मी बसलो. चहा आला, त्या नव्या कपबशीतून.

पाणी उंबरठ्यावरून आत आलं ते बघून मला नवलच वाटलं. मला वाटायचं, ते धावत येत असेल. ते आलं गुपचूप, ओल्या फडक्याने लादी पुसल्यासारखं. मग मोरीतूनही वर यायला लागलं आणि खोलीत गटाराचा वास पसरला. मी पुन्हा उठलो. मुलाच्या आई ओरडल्या, "अहो नको, नको! ऑफिसचे कपडे आहेत तुमचे. घाण पाणी आहे ते, तुम्हाला सवय नाही." मी पुन्हा बसलो.

तिसऱ्यांदा मी उठलो नाही. हे मला सांगायला लाज वाटते, पण तेच सांगायला बसलोय. भीड भिकेची बहीण म्हणतात; भिडेला मी दोष देऊ शकतो आणि लोकांना तेच सांगितलं असतं. पण खरी गोष्ट अशी, की मला त्या पाण्यात पाय घालायचा नव्हता. त्यात काय काय असतं ते माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. मी वर्षानुवर्षं लिहीत आलोय ते, की गटाराचं पाणी मिसळतं, उंदरांचं मूत मिसळतं, वायरी उघड्या असल्या तर करंट उतरतो. दोनदा "बसा" म्हणाले ते मला बरंच वाटलं. मांडी घालून, कपबशी हातात धरून मी पलंगावर बसून राहिलो, गणपती बसवल्यासारखा. आणि ती दोघं माझ्या समोरून गाद्या गुंडाळून पोटमाळ्यावर टाकत होती.

वरून मी सूचनाही देत होतो हो. "मेन स्विच बंद केला का?" केव्हाच केला होता. "सिलिंडर आधी घ्या." घेतला होता. "दादा, तुम्ही नका उचलू, डॉक्टरांनी सांगितलंय." ते म्हणाले, "काही होत नाही हो." मुलीने नेमकं हेच सांगितलं होतं, की ते असं म्हणतील. मी काय केलं? मी चहा प्यायलो.

शेवटी वॉशिंग मशीन राहिलं. मुलाने लग्नाच्या आधी आईसाठी घेतलेलं. फ्रिजसारखा त्याला ओटा नव्हता, दरवेळी मुलगाच ते उचलून टेबलावर ठेवायचा. पाणी नडगीपर्यंत आलेलं. एका बाजूने नवरा, एका बाजूने बायको. "एक, दोन" म्हणाले आणि उचललं. अर्ध्यापर्यंत नेलं. मग मुलाच्या वडिलांचा चेहरा एकदम आक्रसला, हात सुटला, मशीन धप्पकन पाण्यात बसलं आणि ते पोट धरून तिथेच खाली बसले. पाण्यात. त्यांच्या बायकोने किंकाळी फोडली.

त्याच वेळी दारातून माझी मुलगी आत आली. मागे जावई, डोक्यावर हेल्मेट तसंच. मोटरसायकल कुठेतरी टाकून चालत आले होते, कमरेपर्यंत भिजलेले. मुलीने आधी सासऱ्यांना बघितलं. मग सासूबाईंना. मग वर, पलंगावर, मला.

मी उठतच होतो. देवाशपथ, उठत होतो. पण हातात कपबशी होती आणि ती कुठे ठेवावी ते मला सुचेना. भरल्या पाण्यात दोन म्हातारी माणसं, आणि तिचा बाप वर कोरडा. तिच्या तोंडावर राग आला असता तरी मी सहन केला असता. तिने मान फिरवली. माझी लाज तिलाच वाटली.

जावयाने आणि तिने मिळून सासऱ्यांना उचललं. "काही नाही, चमक भरली नुसती," ते दात आवळून म्हणत होते. मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली, "पप्पा, खाली उतरा. बाबांना झोपू दे तिथे."

मी उतरलो. पाणी थंड होतं आणि खालची लादी बुळबुळीत. पायाला काहीतरी मऊ लागून गेलं, अंगावर काटा आला. मी कपबशी कपाटावर ठेवली आणि मशीनकडे गेलो. मुलाच्या आई तेवढ्यातही म्हणाल्या, "अगं, त्यांना कशाला? राहू दे..."

"आई, त्यांना धरू दे," मुलगी म्हणाली. "ते पाहुणे नाहीयेत. माझे वडील आहेत."

त्यांनी पदर खोचला. मग मला म्हणाल्या, "खालून धरा मग. वरून निसटतं ते." मी खालून धरलं, जावयाने दुसऱ्या बाजूने धरलं आणि आम्ही मशीन टेबलावर ठेवलं. ते नंतर चाललं नाही, ही गोष्ट वेगळी.

भरती उतरली तसं पाणी परत फिरलं. शेजारचा डॉक्टर येऊन सासऱ्यांना तपासून गेला. टाके धड आहेत, पण दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी करून घ्या म्हणाला, सक्त विश्रांती म्हणाला. आम्ही चिखल ओढायला लागलो. माझी मुलगी खराट्याने भिंतीच्या कडेचा गाळ काढत होती, बाजूलाच ती जागा होती जिथे मी नख मारलं होतं. रंग लावून पुन्हा नीट केली होती, पण मला ओळखू आली. तिथेच खाली बघत ती म्हणाली, "आम्ही पुढच्या महिन्यापासून इथेच राहायला येतोय." विचारत नव्हती, सांगत होती.

सासरे पलंगावरून छताकडे बघत होते. आणि मुलाच्या आई? त्यांनी सुनेकडे बघितलंच नाही. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. आता साहेब काय बोलतात. हातातलं फडकं घट्ट धरून त्या वाट बघत होत्या, आणि मला कळलं, की या बाई पाण्याला भीत नाहीत, माझ्या जिभेला भितात.

मला माहीत होतं पाणी कुठपर्यंत येतं. ते पुन्हा येणार हेही माहीत होतं, आणि त्यात माझी मुलगी उभी असणार हेही. बापाला जे वाटायचं ते वाटलंच. पण मी म्हणालो, "ताई, मशीनलाही एक ओटा बांधून घेऊ. कडप्पा मी आणतो. रविवारी येतो."

ही माझी माफी होती. याहून बरी मला जमली नाही. त्यांनी फडकं खाली ठेवलं. "या," म्हणाल्या. मग सवयीने लगेच, "थांबा, आधी पाय धुऊन घ्या, घाण असतं ते पाणी." पाणी शिरायच्या आधी त्यांनी एक बादली भरून ओट्यावर ठेवली होती, तेवढंच घरातलं स्वच्छ पाणी. त्यातून तांब्या भरून त्या आल्या आणि माझ्या पायांवर ओतायला स्वतः वाकल्या.

मी तो त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतला. "नाही ताई. आधी तुम्ही."

"अहो, असं कुठे असतं का?"

"असतं," मी म्हणालो. "पाय पुढे करा."

त्या ऐकेनात. मी तांब्या सोडेना. दोघंही दारात उभे. शेवटी माझी मुलगी खराटा आपटून म्हणाली, "आई, घ्या ना धुऊन! नाहीतर हवामान खातं टेप काढून पाय मोजायला लागेल." जावई हसला. सासरे पोट धरून हसले आणि "आई गं" म्हणून कण्हले. त्या पण हसल्या आणि त्यांनी पाय पुढे केला.

मी पाणी ओतायला लागलो. कुणाकडे वर बघायची माझी हिंमत नव्हती, म्हणून पायाकडेच बघत राहिलो. बोटांच्या बेचक्यांत चिखल घट्ट बसला होता, निघायला वेळ लागला.